बेलाच्या कुंडीखालचा खड्डा

शेळगीतल्या त्या गल्लीत मल्लव्वाच्या तोंडाला कुणी लागत नसे. भाजीवालासुद्धा आधी चार घरं फिरून, धीर गोळा करून मग तिच्या दारात गाडा लावायचा. शाळेत ती तिसरीपर्यंत गेली होती, आणि त्यातलं दीड वर्ष मास्तरीणबाईंची भांडी घासण्यात गेलं, असं ती स्वतःच सांगायची. पण नवरा गेल्यावर कडक भाकरीचा धंदा तिनं एकटीनं उभा केला, दोन लेकरं वाढवली, घराची वीट न् वीट डोळ्यांदेखत बसवून घेतली. त्यामुळं आपल्याला कळत नाही अशी गोष्ट जगात फारशी उरलेली नाही, असं तिचं मत होतं. ते मत तिनं कधी झाकून ठेवलं नाही.

लेक चंद्रिका बाळंतपणाला माहेरी यायची होती म्हणून मल्लव्वानं भर उन्हाळ्यात नवं बाथरूम बांधायला काढलं. आधीचं म्हणजे मागच्या बाजूला पत्र्याचा आडोसा आणि चुलीवरचं पाणी. "माझी पोर धुरात न्हाणार न्हाय," असं तिनं गल्लीला सांगून टाकलं. फरशी गुलाबी, नळ चकचकीत, वर गिझर. विजेच्या कामाला करीम. करीमच्या बापानं या घरात पहिला दिवा लावला होता, आणि बाप गेल्यावर पंख्यापासून पाण्याच्या मोटारीपर्यंत सगळं करीमच बघायचा. त्यालाही आता पंचेचाळिशी आली होती. मल्लव्वाला तो अव्वा म्हणायचा, आणि तिच्या शिव्या चहाच्या घोटाबरोबर गिळायचा.

"गिझरचं बटन हितं, नळाच्या वर दे," मल्लव्वानं फर्मान काढलं. "आन् खाली एक पॉइंट ठेव, पाणी तापवायच्या रॉडला."

"बाथरूमच्या आत बटन देत न्हाय मी, अव्वा."

"का रं? बाथरूम तुझं हाय का माझं?"

"तुमचंच हाय. म्हणूनच देत न्हाय. हात वलं, पाय वलं, अंगावर कापड वलं. त्यात बटन कशाला? बटन भाईर, दाराजवळ. गिझरचा पॉइंट वर, छताला लागून. रॉडचा पॉइंट तर न्हायच."

"म्हंजे मी पोरीला न्हाऊ घालता घालता वल्ल्या लुगड्यानं भाईर पळत यायचं? गल्लीला तमाशा दाखवायला?"

"पाणी तापलं की आधी बटन बंद करायचं, मग आत जायचं. पळायचं कशाला?"

मल्लव्वाला उत्तर सापडलं नाही की ती चहा टाकायची. तिनं चहा टाकला. त्या घरात त्याचा अर्थ, ऐकलं बाबा तुझं, असा होता.

दुसऱ्या दिवशी करीमनं घरासमोर, पायरीपासून हातभरावर खड्डा घेतला. त्यात जस्ती नळी उभी केली, तिला जाड तार बांधून ती भिंतीवरनं बाथरूमपर्यंत नेली. मग दोन पोती आणली. एकात खडे मीठ, एकात कोळसा. कोळशाचा थर, मिठाचा थर, वर माती, परत कोळसा, परत मीठ. मल्लव्वा उंबऱ्यात भाकरीच्या पिठाचे हात तसेच धरून उभी राहिली.

"हे काय करायला लागलास?"

"अर्थिंग हाय, अव्वा. गिझरमधी कवा काय बिघडलं, तर आतली वीज माणसाच्या अंगात न शिरता ह्या तारेनं जमिनीत जाती. मीठ-कोळशानं जमीन गार ऱ्हाती, वीज ओढून घेती. उन्हाळ्यात आठवड्याला एक बादली पाणी घाला ह्यात."

"दर पाचव्या दिवशी नळाला पाणी येतंय. माणसाला न्हाय आन् खड्ड्याला?"

करीम हसला. त्याला वाटलं, नेहमीचंच बोलणं. बाथरूमच्या तारांचा निकाल लावून, घाम पुसून तो गेला.

पण मल्लव्वाच्या डोक्यातनं ते मीठ आणि तो कोळसा जाईना. दृष्ट काढली की मीठ-मिरच्या ओवाळून तीन वाटांच्या तिकाटण्यावर टाकायच्या असतात, मागं वळून बघायचं नसतं. जे घरातनं बाहेर टाकायचं, ते ह्यानं तिच्या पायरीशी पुरलं होतं. आणि लेक सातव्या महिन्यात नुकतीच घरी आलेली. चंद्रिकाचं पहिलं पोर पाचव्याच महिन्यात गेलं होतं. तेव्हापासून मल्लव्वा लेकीच्या बाबतीत कावळा ओरडला तरी दचकायची, फक्त कुणाला दाखवायची नाही. त्यातून दोन दिवसांवर अमावस्या. कुणी सांगितलं असेल का ह्याला? कुणी दिलं असेल का काही मिठात घालून? करीमच्या जागी दुसरा कुणी असता तर हा विचार आपल्या मनात आला असता का, हे तिनं स्वतःला तेव्हा विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी मुलगा महांतेश एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यावर गेला, चंद्रिका वहिनी रुद्राणीला घेऊन दवाखान्यात तपासून घ्यायला गेली, भाकरीच्या बायका यायला अजून तासभर होता. मल्लव्वानं पहार घेतली. माती अजून भुसभुशीत होती. हाताला लागलं तेवढं मीठ-कोळसा घमेल्यात भरून तिनं चार खेपांत नाल्यात नेऊन टाकलं, मागं वळून न बघता. नळी हलेना. मग तिनं कमरेचा अडकित्ता काढला, जस्ती तार त्यात धरून दाबली, वाकवली, परत दाबली आणि तोडली. अडकित्त्याच्या पात्याला एक दात पडला. खड्डा बुजवून वर शहाबादी फरशी टाकली. बायका आल्यावर त्यांच्याकडनं अंगणातली बेलाची मोठी सिमेंटची कुंडी त्या फरशीवर सरकवून घेतली.

"हितं ऊन चांगलं हाय बेलाला," ती म्हणाली. कुणी का विचारावं? मल्लव्वाचा बेल, मल्लव्वाचं अंगण.

श्रावण संपता संपता चंद्रिका बाळंत झाली. मुलगी. धडधाकट, काळ्याभोर जावळाची. मल्लव्वानं रोज सकाळी बेलाला तांब्याभर पाणी घातलं आणि मनात म्हणाली, बरं झालं, वेळेवर काढून टाकलं.

बाळाला आणि बाळंतिणीला न्हाऊ घालायला नागूबाई यायची. साठीची बाई, हडकुळी, पण हात लोण्यासारखा. पाटावर बसून पाय लांब करायची, पायावर बाळ पालथं घालायची आणि अशी चोळायची की बाळ रडायचं विसरून जांभया द्यायचं. गल्लीतली निम्मी पोरं तिच्या पायावरनं उतरून शाळेत गेली होती.

सातव्या दिवशी नागूबाई हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "अव्वा, नळाला हात लावला की झिणझिण्या येत्यात. कालबी आल्या."

"वय झालं तुझं. हातापायाला मुंग्या येणारच."

"मुंग्या येगळ्या, हे येगळं. कुनाला तरी दाखवा."

"नागूबाई, तुला न्हाऊ घालायला बोलावलंय का नळ तपासायला? झेपत न्हाय तर तसं सांग, दुसरी बघते."

नागूबाईनं पदर खोचला आणि गेली. आठव्या दिवशी ती काही बोलली नाही.

नवव्या दिवशी पाणी तापलं, पण बटन बंद करायचं पुन्हा राहिलं. घंगाळात ऊन पाणी कमी पडलं म्हणून नागूबाईनं पायावरचं बाळ डाव्या हातानं धरून उजवा हात नळाकडं नेला. चंद्रिका शेजारी स्टुलावर बसली होती. ती सांगते, नागूबाई ओरडली नाही. तोंडातनं नुसता ‘हं’ असा आवाज आला आणि ती सगळी ताठ झाली. हात नळाला चिकटल्यासारखा. तशातही तिनं डाव्या हातानं बाळ चंद्रिकाच्या मांडीकडं लोटलं. मग हात सुटला, आणि ती मागं भिंतीवर आदळून उजव्या मनगटावर पडली. हाड मोडल्याचा आवाज स्वयंपाकघरात मल्लव्वाला ऐकू आला.

ती धावत गेली. बाळ चंद्रिकाच्या पदरात, तेलानं बुळबुळीत, टाहो फोडत. नागूबाई फरशीवर, डोळे उघडे. आणि मल्लव्वाच्या तोंडातनं काय निघालं?

"बाळ सोडलंस की गं हातातनं!"

हे वाक्य तिला पुढं कैक दिवस ऐकू येत राहिलं. स्वतःच्याच आवाजात.

महांतेशनं नागूबाईला रिक्षानं दवाखान्यात नेलं आणि वाटेतनंच करीमला फोन केला. करीम पंधरा मिनिटांत आला. तोवर गल्ली दारात जमली होती. समोरची दानेश्वरी तर कंबरेवर हात ठेवून पायरीवरच चढलेली. तिच्या वरच्या मजल्याचं बांधकाम चाललं होतं, आणि तिथलं विजेचं कामही करीमकडंच होतं.

त्या क्षणी मल्लव्वाला सगळं ठाऊक होतं. तार, अडकित्ता, फरशी, कुंडी, सगळं तिच्या डोळ्यांसमोर लख्ख उभं होतं. आणि ते लख्ख दिसलं म्हणूनच ती मोठ्यानं ओरडली.

"ये! ये की! बघ तुझं काम! माझी नात मेली असती आज. बापाचं नाव सांगत फिरतोस, बापानं असं काम केलं असतं का?"

करीम आत गेला, मेन बंद केला, चालू केला, नळाला टेस्टर लावला. टेस्टरमधला दिवा पेटला. परत मेन बंद करून त्यानं गिझरची वायर सोडवली, आतली कॉइल बघितली. बाहेर येऊन रुद्राणीकडं नाही, दानेश्वरीकडं नाही, मल्लव्वाकडं बघून म्हणाला, "कॉइल फुटलीया, अव्वा. क्षाराच्या पाण्यानं फुटती कवा कवा. पण फुटली तरी असं व्हायला नको. अर्थिंग हाय की."

तो अंगणात आला. भिंतीवरनं उतरणारी तार त्यानं डोळ्यांनी धरली, आणि त्याचे डोळे कुंडीपाशी थांबले.

"ही कुंडी हितं कवा आली?"

"बेल हाय तो. त्याला पारोशानं हात लावायचा न्हाय."

"मी न्हाऊन आलोय, अव्वा."

"तरी लावायचा न्हाय."

दानेश्वरीनं पदर सावरला. करीम कुंडीपासून हातभर दूर उकिडवा बसला, आणि भिंतीच्या बाजूनं तारेला दोन बोटांनी अलगद ओढ दिली. तार सहज चार बोटं पुढं आली. तुटकं टोक फरशीखालनं बाहेर डोकावलं. त्यानं ते बघितलं. मल्लव्वानं त्याला बघताना बघितलं. मग त्यानं बोटानं ते टोक परत फरशीखाली सारलं, उठून हात झटकले आणि म्हणाला, "गिझर चालू करू नका."

एवढंच. गाडी काढून तो गेला. मागनं दानेश्वरी म्हणाली, "मान वर करून बोलायची सोय न्हाय. काम तसंच केलं आसंल." त्याच दुपारी तिनं आपल्या वरच्या मजल्याचं काम दुसऱ्याला दिलं.

मल्लव्वा त्या दुपारी सुपारी कातरायला बसली. अडकित्ता त्या दातावर अडकला. तिनं सुपारी तशीच तोंडात टाकली, अख्खी.

अकराव्या दिवशी महांतेशनं दुसऱ्या पेठेतला वायरमन आणला. तरुण, केसांना रंग लावलेला, कानात फोनचं बोंड. नवा गिझर बसवला. मल्लव्वा उंबऱ्यात लसूण सोलत होती.

"अर्थिंग हाय न्हवं?" त्यानं विचारलं.

"हाय की," महांतेश म्हणाला. "उन्हाळ्यातच खड्डा केलाय."

"मग काय टेन्शन न्हाय."

लसणाची पाकळी मल्लव्वाच्या बोटांतच राहिली. महांतेश बायकोला सांगत होता, परवा पाळणा, त्या दिवशी सकाळी बाळाला नव्या गिझरच्या पाण्यानं न्हाऊ घालू, पावण्यांच्या आधी. तोपर्यंत चुलीवरचं पाणी. मल्लव्वाला वाटलं आत्ताच बोलावं. तोंड उघडलं, आणि त्यातनं निघालं, "गुलाबी फरशीवर चिखलाचे पाय उमटवलेस की रं, पुसून जा." इतकंच बोलायची सवय होती त्या तोंडाला.

बाराव्या दिवशी ती डबा घेऊन नागूबाईच्या घरी गेली. भाकरी, शेंगाची चटणी, वर तुपाची वाटी. नागूबाई खाटेवर बसली होती, उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. तिची सून राजश्री दळण घेऊन बाहेर चालली होती. ती मल्लव्वाकडं न बघता गेली.

"कसं हाय?"

"हाय की. बाळ?"

"बरं हाय. दूध पितंय."

नागूबाईनं डोळे मिटून मान हलवली, जणू तेवढंच ऐकायचं होतं. मग म्हणाली, "अव्वा, एक इचारू? मी बाळ सोडलं असं तुमी म्हणालात म्हणं."

मल्लव्वानं वाटीवरचं झाकण नीट केलं.

"दोन घरनं निरोप आलाय. आता येऊ नका म्हणून. नागूबाईच्या हातातनं बाळ सुटतंय म्हणं." ती थांबली. "मी सोडलं न्हाय ओ. लोटलं. चंद्रिकाला इचारा. मला म्हाईत व्हतं हात सुटायचा न्हाय म्हणून आधी बाळ लोटलं."

"म्हाईत हाय मला."

"मग तसं सांगा की कुनाला तरी. आन् करीमला कशाला बोललात? त्यानं काय केलंय? झिणझिण्या तर मी तुमाला सांगितल्या व्हत्या."

डबा ठेवून मल्लव्वा उठली. "तूप खा," म्हणाली. दारात चप्पल घालताना तिला कळलं की डावी-उजवी उलटी घातली आहे. तशीच निघाली.

घरी गेली नाही. चौकात करीमचं पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान होतं, तिथं गेली. उन्हात चालल्यानं तोंड लाल झालं होतं. लोकांना वाटलं, म्हातारी भांडायला निघाली. करीम खाली बसून बोअरच्या मोटारीत तांब्याची तार गुंडाळत होता. ओठ हलत होते.

"करीम."

त्यानं मान वर केली नाही. हातानं थांबा अशी खूण केली.

"तार मी तोडली," मल्लव्वा म्हणाली.

"एक मिनिट, अव्वा. वेढे मोजतोय. चुकलं तर सगळं सोडवायला लागंल."

ती उभी राहिली. एवढं मोठं तोंडातनं काढलं, आणि ते तिथं दुकानात, ऑइलच्या वासात, तसंच लोंबकळत राहिलं. करीमनं वेढे पुरे केले, टोक बांधलं, हात कापडाला पुसले.

"म्हाईत हाय मला," तो म्हणाला. "पक्कडनं तोडलेली तार दोन्हीकडनं चेपती. ही एका बाजूनं चिरलेली व्हती. अडकित्ता तुमच्याच कमरेला असतो."

"मग तवाच बोलला का न्हाईस?"

"कुनाला बोलू? गल्ली उभी व्हती. तुमी म्हणालात कुंडीला हात लावायचा न्हाय. मी कुंडी सरकवून तार दाखवली असती, तर गल्लीनं तार बघितली असती का माझा हात?"

मल्लव्वानं दुकानाच्या फळीला हात टेकला. तिला बसायला कुणी म्हटलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

"का तोडली?" करीमनं विचारलं. भांडायला नव्हे. खरोखरच कळत नव्हतं त्याला. "पाणी घालायचं न्हवतं तर न्हाय घालायचं. तोडली का?"

"डोकं फिरलं माझं."

तो वाट बघत राहिला. पण त्यापुढचं तिच्यानं निघेना. तार तोडली हे सांगणं सोपं होतं. तो अडाणीपणा होता, आणि अडाणी तर ती होतीच, तिसरी नापास. दुसरं जे होतं ते अडाणीपणाचं नव्हतं.

"माझी अर्शी हाय न्हवं, पाचवीतली," करीम म्हणाला. "शाळेतनं येऊन मला इचारती, अब्बा, तुमच्यामुळं बाळाला करंट लागला का? काय सांगू तिला? हितं तुमी मला सांगितलंत. मला म्हाईतच व्हतं. हितं सांगून काय उपेग?"

"उद्या सकाळी ये," मल्लव्वा म्हणाली. "मीठ-कोळसा घेऊन. पावणे यायच्या आधी न्हाय. आल्यावर ये."

पाळण्याच्या दिवशी घर बायकांनी भरलं. दारात फुलं, आत शेवयांच्या खिरीचा वास. महांतेशची बायको रुद्राणी गिझरच्या बटनाला हात लावणार तोच मल्लव्वानं तिचं मनगट धरलं. "थांब. कुनी हात लावायचा न्हाय."

"अव्वा, पाणी तापायला नको?"

"थांब म्हणाले की."

करीमची गाडी आली. मागं दोन पोती. अंगणातल्या बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. महांतेश पुढं झाला, "हा कशाला आलाय?" मल्लव्वा त्याला बाजूला सारून बाहेर आली आणि कुंडीजवळ जाऊन उभी राहिली. राजश्रीच्या आधारानं नागूबाईही आली होती; तिला मल्लव्वानं मुद्दाम निरोप धाडला होता.

"करीम, कुंडी सरकव," मल्लव्वा म्हणाली. "हात लाव तिला."

करीम हलला नाही. मग महांतेशनं आणि त्यानं मिळून कुंडी बाजूला केली. फरशी उचलली. खाली माती, नळीचं तोंड, आणि तुटकी तार. मल्लव्वानं अडकित्ता कमरेचा काढून फरशीवर ठेवला. दात वर करून.

"ही तार मी तोडली," ती म्हणाली. मग गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात पुढचं सांगितलं. "ह्यानं काम चोख केलं व्हतं. म्हणाला बटन आत नको, मी भांडले. म्हणाला खड्ड्याला पाणी घाला, मी घातलं न्हाय. आन् वरनं तार तोडली. नागूबाईनं मला झिणझिण्या सांगितल्या, मी तिलाच बोलले. बाळ तिनं सोडलं न्हाय. तिनं वाचवलं. सोडलं असं मी म्हणाले. ते माझं तोंड."

दानेश्वरीनंच विचारलं, कारण कुणीतरी विचारायलाच हवं होतं, "पर तोडलीसा का?"

करीम खाली बसून मिठाच्या पोत्याचा दोरा सोडत होता. त्याचे हात थांबले नाहीत, पण हळू झाले. मल्लव्वानं ते बघितलं. आणि तिला कळलं की हे जर आता बोललं नाही, तर बाकीचं सगळं बोललेलं वाया गेलं.

"मीठ-कोळसा बघून मला वाटलं, करणी केली," ती म्हणाली. "ह्यानं."

सुतळी करीमच्या बोटांत अडकून राहिली.

"ह्याच्या बापानं माझ्या घरात पहिला दिवा लावला. माझा नवरा गेला त्या दिवशी मांडवातला दिवा ह्यानं उभं राहून जोडला. आन् मला वाटलं, ह्यानं माझ्या पोरीवर काहीतरी पुरलं. दुसऱ्या कुनी पुरलं असतं तर वाटलं नसतं. ह्यानं पुरलं म्हणून वाटलं."

आत चंद्रिकाच्या मांडीवर बाळ कुरकुरलं. बाहेर कुणीही ‘जाऊ द्या अव्वा’ म्हणालं नाही. मल्लव्वाला वाटलं होतं, निदान एक तरी म्हणेल. एकीनंही म्हटलं नाही, आणि महांतेश तर आईकडं बघतच नव्हता. तो खड्ड्याकडं बघत होता.

करीमनं सुतळी सोडवून पोतं उघडलं आणि म्हणाला, "कोळसा बारीक करून द्या, अव्वा. मोठं तुकडं चालत न्हाईत."

मल्लव्वा नव्या लुगड्यात खाली बसली. पाळण्यासाठी घेतलेलं इरकल होतं ते, हिरवं. तिनं वरवंटा आणवला आणि कोळसा फोडायला लागली. काळी भुकटी पदरावर, बांगड्यांवर, तोंडावर उडाली. रुद्राणी पुढं झाली तर तिनं मानेनंच नको म्हटलं. थर करीमनं भरले. कोळशाचा, मिठाचा, मातीचा. मिठाचा शेवटचा थर त्यानं तिच्या हातानं घालायला लावला. तार नव्यानं बांधली, टेस्टर घेऊन आत गेला, सगळं तपासून आला. दाराजवळच्या बोर्डात एक छोटी पेटी बसवली. वीज कुठं गळली की स्वतःहून बंद होणारी. उन्हाळ्यातच तो ती बसवायची म्हणाला होता, आणि मल्लव्वानं तेव्हा ‘तुझ्या लग्नात बसव’ म्हणून त्याला उडवून लावलं होतं.

"आता तापवा पाणी," तो रुद्राणीला म्हणाला. "तापलं की बटन बंद. मग आत."

"चहा घेऊन जा," मल्लव्वा म्हणाली. काळ्या हातांनीच ती उठायला लागली.

"आज नको, अव्वा."

"खीर तरी."

"नको."

त्यात राग नव्हता. रागाचं तिला काही वाटलं नसतं; रागाला तोंड द्यायची तिला सवय होती. त्यानं गाडी वळवली. जाताना दानेश्वरी त्याला काहीतरी वरच्या मजल्याबद्दल बोलली, त्यानं मान हलवली, आणि गेला.

आत नागूबाई स्टुलावर बसून, प्लास्टरचा हात मांडीवर धरून चंद्रिकाला सांगत होती, "मान धर, मान. पाय लांब कर की. भिऊ नको." नळाचं पाणी घंगाळात पडलं. बाळाला पाण्याचा हात लागला तेव्हा बायका नेहमीसारख्या बोलायला लागल्या, हसायला लागल्या. मल्लव्वा हात धुवायला आत आली, आणि बोलणं थांबलं. ती हात न धुताच बाहेर गेली.

पाळण्यानंतर पाचव्या दिवशी नळाला पाणी आलं. गल्लीभर मोटारींची घरघर, कळशांची रांग. मल्लव्वानं पहिली बादली भरली आणि अंगणात आणली. समोर दानेश्वरी पायरीवर उभी होती, भाजीवाला गाडा लावून थांबला होता. यावेळी तो थेट हिच्याच दारात आला होता. पूर्वी असतं तर तिनं दोघांना दोन शब्द सुनावले असते.

तिनं खाली बघून बादली खड्ड्यात ओतली. मातीनं पाणी पिऊन टाकलं. ती दुसरी भरायला गेली.